बायजाबाईंचे गुडघे पेणला जातात

रोह्यात आमच्या ह्यांचा हाडांचा दवाखाना आहे. हे ऑपरेशन उत्तम करतात आणि नंतरचा उपदेश त्याहून उत्तम. गुडघा बदलला की जमिनीवर बसायचं नाही, हा ह्यांचा कायदा. मी भाजी निवडायला खाली बसले तरी चष्म्यावरून बघतात. माझे गुडघे अजून माझेच आहेत, हे मी किती वेळा सांगायचं?

पेणला हाडांच्या डॉक्टरांची परिषद ठरली, तेव्हा ह्यांनी त्याच विषयावर निबंध लिहिला: नीट समजावलं तर खेड्यातले रुग्णही खाली बसणं सोडतात. अध्यक्ष होते ह्यांचे गुरू, दत्तात्रेय सर. सरांनी ह्यांना शिकवताना एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. ते ऐकायला मिळावं म्हणून हा माणूस कितीतरी दिवस आरशासमोर बोलत होता.

पुरावा म्हणून निडी गावच्या बायजाबाई. त्यांचे दोन्ही गुडघे ह्यांनीच बदललेले. मंचावर चालायचं, खुर्चीत बसायचं, बस्स. गाडीत निडीपासून पेणपर्यंत हे त्यांना पढवत होते.

"खाली बसता का, असं विचारलं तर?"

"नाय म्हनायचं," बायजाबाई शहाण्यासारख्या म्हणाल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

निबंध झकास झाला. बायजाबाई ताठ चालल्या, टाळ्या पडल्या. आणि मग त्यांना गणपती दिसला. पेणची परिषद, तेव्हा मंचावर पाटावर गणपती होताच. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. हे "बायजाबाई, खुर्ची!" म्हणेपर्यंत बाईंनी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलंसुद्धा. एवढ्यावर थांबतील तर कसलं! तिथंच उकिडव्या बसून त्यांनी घरंगळलेली फुलं सावकाश परत वाहिली.

ह्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

सरांनी माईक ओढला. "बाई, रोज अशा बसता?"

"रोजच. वालाच्या शेंगा काय उभ्यानं सोलू?"

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"येवढा जीव तोडून सांगतात वो. त्यांना वायट वाटलं असतं. आमी निडीत गुडघं बदललेल्या पाचजणी हाव. समद्याच बसतो. दवाखान्यात तेवढ्या उभ्या रहातो."

"घरात खुर्ची नाही?"

"हाय की. तिच्यावर कोंबडी बसते."

सभागृहात हशा पिकला. सर डोळे पुसत म्हणाले, "विष्णु, निबंध साफ पडला तुझा. पण गुडघे? शाबास!"

हसावं की रडावं, ह्यांना कळेना. परतताना बायजाबाईंना सोडायला आम्ही निडीला गेलो.

बायजाबाईंच्या अंगणात बाकीच्या चौघी शेंगा सोलत बसल्या होत्या. आमची गाडी दिसताच सगळ्या ताडकन उभ्या राहिल्या. हे उतरले. आता व्याख्यान सुरू होणार, म्हणून मी कपाळाला हात लावला.

"दुखतं का कुणाला?" ह्यांनी विचारलं.

"नाय," चौघी एकदम म्हणाल्या.

"मग बसा."

त्या बसल्या. हेही बूट काढून सुपाशी मांडी घालून बसले आणि शेंगा सोलू लागले. उठायची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांना काही उठता येईना. शेवटी बायजाबाईंनी हात देऊन उठवलं.