विसाव्या वर्षाचा हँगर

दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी, ऑस्ट्रेलियातल्या माउंट बफेलो डोंगराच्या पायथ्याशी, नवख्या सायकलवाल्यांना बाकावर बसवून हँगरवर भाषण ठोकायचं काम माझ्याकडे असायचं. कुणी दिलं नव्हतं. मीच घेतलं होतं.

हँगर म्हणजे मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्याला लटकतो, तो बोटाएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा. नव्या कार्बन सायकलींना तो स्क्रूने लावलेला असतो. सायकल आपटली की तो बिचारा वाकतो नाहीतर मोडतो, पण महागडी फ्रेम वाचते. दुसरा लावायचा, चालू पडायचं. काही जुन्या कार्बन सायकलींना मात्र तो फ्रेममध्येच पक्का बसवलेला असतो. तो मोडला की फ्रेम भंगारात. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. मी पंचवीस घ्यायचो.

भाषणाला वाईट उदाहरण लागतं, ते घरचंच होतं. लॉरेटा, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिची सायकल अठरा वर्षांची, पक्क्या हँगरची. "ही नीट बघून घ्या," मी पोरांना सांगायचो, "एकदा पडली की संपली." लॉरेटा कुंपणाला टेकून सलामी सॉसेजच्या चकत्या घातलेला पाव खात ऐकायची.

"आजवर पडली नाही रे, एन्झो."

"पडेल, पडेल," मी म्हणायचो. मोठ्या आशेने.

आमच्या मर्टलफर्डच्या क्लबचा एक नियम आहे. त्या रविवारी सायकलने पायथ्यापासून डोंगरावरच्या जुन्या हॉटेलपर्यंत सकाळी अकराच्या आत पोचायचं. सलग वीस वर्षं जमलं, तर क्लबच्या हॉलमधल्या लाकडी फळीवर नाव कोरतात. एक वर्ष चुकलं की पुन्हा एकपासून सुरुवात. फळीवर आजवर चारच नावं आहेत. गेल्या वर्षी माझं विसावं होतं. नावाचं स्पेलिंग बरोबर यावं म्हणून मी चिठ्ठीसुद्धा आधीच देऊन ठेवली होती. असा मी.

त्या सकाळी भाषण ऐन रंगात आलं होतं. लॉरेटाच्या सायकलीकडे जोरात हात केला, तो माझ्याच सायकलीला लागला आणि ती आडवी झाली. उजव्या अंगावर. डिरेलरच्याच बाजूवर. बाकावरची पोरं बघत राहिली.

"काही होत नाही," मी हसून म्हणालो, "यासाठीच तर हा तुकडा असतो!"

तेव्हा खाली वाकून बघायला हवं होतं. पण भाषण करणारा माणूस वाकत नाही.

"अरे, बघ तरी एकदा," लॉरेटा म्हणाली.

"पक्क्या हँगरवाल्यांनी काळजी करावी," मी म्हणालो. पोरं हसली. मला फार बरं वाटलं.

वर पोचायला आठ किलोमीटर उरले असताना चढाचं वळण आलं. मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि कडाड! वाकलेल्या हँगरने डिरेलर थेट चाकाच्या तारांत नेऊन घातला होता. हँगरचे दोन तुकडे. तारा शाबूत, डिरेलर शाबूत, फ्रेमला ओरखडासुद्धा नाही. माझं भाषण शब्दशः खरं ठरलं होतं.

मी घाबरलो नाही. सीटखालच्या बॅगेत दुसरा हँगर होता, मऊ कापडात गुंडाळलेला. नऊ वर्षं जपलेला. तो काढून लावायला गेलो तर फ्रेमला एक भोक, हँगरला दोन. उलटा केला, तरी दोनच. मग डोक्यात उजेड पडला. पाच वर्षांपूर्वी मी सायकल बदलली होती, बॅग तीच राहिली होती. कंपनी एकच, म्हणून हँगरही एकच असणार असं मी धरून चाललो होतो. हँगर शेकडो आकारांचे असतात, हे माझ्याच भाषणात अकराव्या मिनिटाला येतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

एकोणीस वर्षं, आणि मी रस्त्याच्या कडेला तो निरुपयोगी तुकडा धरून बसलेला.

तेवढ्यात लॉरेटा आली. उतरली. माझ्या हाताकडे बघितलं.

"दोन भोकांचा ना?"

"तुला कसं ठाऊक?"

स्वतःची बॅग उघडून तिने एक छोटी पुडी काढली. आत हँगर होता. एका भोकाचा. माझ्या सायकलीचा.

"तुझ्या सायकलीला तर हँगर बदलताच येत नाही," मी म्हणालो. डोकं चालत नव्हतं.

"माझ्यासाठी नाही रे, शहाण्या. तू नवी सायकल आणलीस तेव्हाच तुला म्हटलं होतं, जुना हँगर हिला बसणार नाही. तू काय म्हणालास?"

मला चांगलं आठवत होतं. पक्क्या हँगरवाल्यांनी यात बोलू नये, असं म्हणालो होतो. चारचौघांत.

"म्हणून मग मीच घेऊन ठेवला," ती म्हणाली. "पाच वर्षं वाहतेय. धर आता चाक."

स्क्रू गंजला होता, वीस मिनिटं गेली. चढावर मी तिच्यापेक्षा वेगवान.

"नीघ तू," ती म्हणाली, "माझं बघते मी." तिची तोवर सलग चौदा वर्षं झाली होती.

मी जीव तोडून निघालो. हॉटेलपाशी खडूची रेघ, रेघेपलीकडे घड्याळ आणि शिटी घेऊन क्लबचा म्हातारा मर्व्ह. अकराला चार मिनिटं कमी. रेघेच्या हातभर अलीकडे माझे पाय थांबले. मला लाज वाटत होती, खरंच वाटत होती.

"अरे, ये की!" मर्व्ह ओरडला.

"लॉरेटा येऊ दे."

त्याने अकराला शिटी मारली. आणखी सहा मिनिटांनी ती वळणावर दिसली, लालबुंद, धापा टाकत. मला वाटलं, आता हिचे डोळे भरून येणार.

"रेघेच्या अलीकडे काय करतोयस?"

"तुझी वाट बघत होतो. तुझी चौदा गेली, मग माझं कसलं विसावं?"

तिने सायकल कुंपणाला लावली आणि मला सगळ्यांसमोर झापलं. "गाढवा! मी चौदा वर्षं कशासाठी घालवली? तुझं विसावं व्हावं म्हणून ना? आता ना तुझं, ना माझं! एवढा चांगुलपणा दाखवायचा होता तर पाच वर्षांपूर्वी बॅग बघायची होतीस!"

मर्व्हने वहीत दोघांच्याही नावापुढे शून्य लिहिलं.

यंदा एप्रिलमध्ये आम्ही दोघं पुन्हा पायथ्याशी. ज्यांचं पहिलं वर्ष, त्यांनी बाकावर बसायचं, नियम आहे. मी सतरा-अठरा वर्षांच्या पोरांमध्ये अंग चोरून बसलो. मर्व्हने भाषण लॉरेटाला सांगितलं. ती उभी राहिली आणि दोन भोकांचा हँगर वर धरला.

"हा नऊ वर्षं कोणी जपला?"

मी हात वर केला.

"बस, भाषण संपलं," लॉरेटा म्हणाली. "सगळ्यांनी आपापल्या बॅगा उघडा आणि हँगर लावून बघा."

मीही बॅग उघडली. तीत हँगर नव्हता. या वेळीही तो तिच्याच बॅगेत होता.