चौकट रिकामी आली

नव्या रस्त्याच्या ऑफिसात सकाळपासून तिच्या टेबलासमोर रांग लागलेली, आणि जो तो एकच विचारणार: “बाई, रस्त्यात आमचं घर जातंय का हो?” बोलून बोलून तिच्या घशाला कोरड पडली होती. कॉम्प्युटरवरच्या नकाशात घर शोधायचं, त्यावर क्लिक करायचं; सर्व्हरकडून उत्तर येतं आणि चौकट उघडते: घर बाधित असेल तर मालक कोण, जागा किती जाते. नव्या रस्त्याचा लाल पट्टा स्क्रीनवर दिसायचा, पण तो जरा इकडेतिकडे सरकलेला असायचा. म्हणून ऑफिसचा शिरस्ताच होता, दिसतं त्यावर जायचं नाही, चौकट म्हणेल ते सांगायचं. चौकट रिकामी, म्हणजे घर सुटलं.

थोरल्या बहिणीलाही तिने काल हेच सांगितलं होतं. रस्त्यालगतच्या सगळ्यांसारखं ताईलाही बदली घर मिळत होतं. घ्यायचं की सोडायचं, आज शेवटचा दिवस. “रिकामी आलीय गं, खुशाल सोड,” ती म्हणाली होती.

दुपारी एका आजोबांच्या घरावर तिने क्लिक केलं. रिकामी.

“अहो, पण हा लाल पट्टा आमच्या स्वयंपाकघरातून जातोय की!” आजोबा म्हणाले.

खरंच जात होता. अगदी मधोमध. ती तशीच उठून सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे गेली. त्याला सगळे मौनीबाबा म्हणत.

“नकाशावर रस्त्याचा थर परवा नवा चढवला,” तो मान वर न करता म्हणाला. “त्याला प्रश्न विचारायची सोय चालू करायची राहिली. नुसता दिसतो, विचारलं की गप्प.”

“मग सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?”

“कुणी विचारलंच नाही.”

त्याने सोय चालू केली. तिने आधी ताईचं घर काढलं. चौकट उघडली: पूर्ण बाधित.

फोन ताईने लगेच उचलला. “अगं, आत्ताच सोडून आलो बघ! रांगेतल्या मागच्या बाईला मिळालं ते घर. आनंदाने रडलीच बिचारी.”

“ताई, तुझं घर जातंय.”

ताईने हळूच विचारलं, “पण तू नीट बघितलं होतंस ना गं?”

“लाल दिसत होतं, ताई,” ती म्हणाली. “तरी मी चौकटीलाच विचारत बसले.”