शंभर रात्रींची दाढी

आपिसाईनं आयुष्यात कधी दाढी वाढू दिली नव्हती. नांदी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या दारात तो तेवीस वर्षं उभा होता. त्याआधी सहा वर्षं त्याच हॉटेलात पाहुण्यांच्या दाढ्या करत होता. दारातल्या माणसाचा गाल कसा असावा याबद्दल हॉटेलवाल्यांची मतं फार ठाम. त्यामुळे रोज पहाटे गरम पाणी, साबणाचा फेस, आणि वस्तरा आधी वरून खाली, मग उलटा. गाल सोललेल्या अंड्यासारखा लागला पाहिजे.

म्हणून तावेउनी बेटावर राहणारा थोरला भाऊ मायकेली गेल्यावर, तिथल्या गावानं शंभर रात्रींचं सुतक धरलं आणि आपिसाई भर बैठकीत उठून म्हणाला, "मी दाढीला हात लावणार नाही," तेव्हा बायकांच्या बाजूला थोडी चुळबुळ झाली. दुसऱ्यांनीही काही ना काही सोडलं होतं. मायकेलीच्या मुलानं यंगोनाचा, म्हणजे मुळं कुटून केलेल्या गुंगीच्या पेयाचा, प्याला सोडला, आणि त्या गावात पाण्याआधी यंगोना विचारतात. गावानं समोरच्या प्रवाळावरची मासेमारी बंद केली. पण आपिसाई काहीतरी बोलेल आणि पाळेल, असं कुणाला फारसं वाटलं नव्हतं. तो दफनालाच एक दिवस उशिरा पोचला होता. बोट चुकली, असं त्यानं सांगितलं. ते खरंही होतं.

हॉटेलातून बिनपगारी रजा मिळवून तो तावेउनीतच राहिला, भावाच्या घरी. मायकेलीची खोबरं सुकवायची भट्टी होती, ती त्यानं चालवायला घेतली. पत्र्यावर नारळाच्या वाट्या पसरायच्या, खाली करवंट्यांचा जाळ घालायचा, दर तासाला वाट्या फिरवायच्या.

पहिला आठवडा बरा गेला. नवव्या दिवशी खाज सुटली. आधी हनुवटीखाली, मग जबड्याच्या कडेनं, मग मिशीच्या दोन्ही टोकांना. भट्टीपुढे घाम सुटला आणि त्यात धूर आणि करवंटीचा भुसा बसला की गालावर लाल मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं होई. तो नखांनी खाजवी, मनगटानं घाशी, कधी नारळ सोलायच्या खुंटाला गाल लावून उभा राही. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटून बसलेले असताना त्याचा खर्र खर्र आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा.

वाइसाके त्याचा मामेभाऊ. मामेभावानं टिंगल करायची आणि ऐकणाऱ्यानं राग धरायचा नाही, ही तिथली जुनी रीत. सुतक असलं तरी तिला सुट्टी नाही.

"दाढी वाढवतोयस की उवा पाळतोयस?" भट्टीवर येऊन तो विचारायचा. "मायकेली वर देवाच्या मागे लागला असेल, माझ्या भावाची नखं तेवढी काढून घ्या म्हणून."

टिंगलीबरोबर सल्लेही येत. कुणी म्हणे साबण लावू नको, नुसतं कोमट पाणी घे. कुणी म्हणे लिंबू चोळ. लिंबू त्यानं एकदा चोळलं आणि थेट समुद्रात जाऊन बसला. लोसालिनी वहिनीनं काही सल्ला दिला नाही. तिनं एके सकाळी त्याच्या चटईजवळ फुलं घालून कढवलेल्या खोबरेलाची बाटली आणून ठेवली. चार दिवसांनी पाहिलं तर बाटलीचं बूच तसंच होतं.

तेलानं बरं वाटेल हे त्याला कळत होतं. सहा वर्षं लोकांच्या दाढ्या केलेल्या माणसाला ते कुणी शिकवायला नको. पण त्याला बरं वाटायला नको होतं.

कारण असं की, गेल्या जुलैत मायकेलीचा फोन आला होता. आजार आहे एवढं आपिसाईला ठाऊक होतं, साखर वाढलीय, पाय सुजतात, वगैरे. मायकेली इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "वस्तरा घेऊन ये रे इकडे. तोंडाला फार खाज सुटते. इथे कुणाचा हात धड नाही."

आपिसाई हसला होता. "दादा, दोन बोटी बदलून मी तुझी हजामत करायला येऊ?"

"ये की. चार दिवस ये."

रजा नाही, असं आपिसाईनं सांगितलं. रजा होती. नेमकी चार दिवसांचीच होती. ती त्यानं राजधानीत, सुव्याला जाऊन रग्बीचा सामना बघण्यात घालवली. दोस्तमंडळी होती, खाणंपिणं होतं, आणि गावी गेलं की बारा कामं गळ्यात पडतात, आजाऱ्याजवळ बसावं लागतं. पुढच्या वेळी जाऊ, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मायकेलीनं पुन्हा बोलावलं नाही. नोव्हेंबरात तो गेला.

आता ही खाज आपल्याला मिळालीच पाहिजे, अशी आपिसाईची समजूत झाली होती. जितकी जास्त तितकं बरं.

एकतिसाव्या दिवशी त्याला ताप भरला. उजव्या जबड्याखाली लिंबाएवढं गळू आलं होतं, मान वळत नव्हती. वाइसाकेनं त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाई वयानं त्याच्यापेक्षा लहान, पण बोलायला खमक्या. त्यांनी उजेडात त्याचा गाल धरला.

"केस कुरळे आहेत तुमचे. इतकी वर्षं मुळापासून घासलेत. आता ते बाहेर आले की वळतात आणि परत कातडीत घुसतात. वरून तुम्ही नखं घालता. एक तर भादरून टाका, नाही तर नीट निगा राखा. दोन वेळा गरम फडक्याचा शेक, मग तेल, आणि आत घुसलेला केस सुईनं अलगद वर काढायचा. उपटायचा नाही. याउपर खाजवलंत तर मी स्वतः येऊन भादरीन."

गोळ्या घेऊन तो घरी आला तेव्हा लोसालिनी ओसरीवर अळकुड्या सोलत बसली होती. तिनं त्याच्या गालावरच्या पट्टीकडे पाहिलं, मग सोलत सोलतच विचारलं, "तेल का लावलं नाहीत, भाऊजी?"

त्यानं काहीतरी पुटपुटून वेळ मारून न्यायला पाहिलं.

"मला वेडी समजू नका. तुम्ही मुद्दाम करताय हे."

मग तो खाली बसला. त्यानं तिला जुलैचा फोन सांगितला. रजेचं सांगितलं, सुव्याचं सांगितलं. सांगताना त्याची नजर अळकुडीच्या सालांवर होती. इतके दिवस मनात ठेवलेलं बाहेर आलं म्हणून आता काहीतरी मोठं होईल, वहिनी रडेल किंवा शिव्या देईल, अशी त्यानं तयारी ठेवली होती.

लोसालिनीनं सोललेली अळकुडी पाण्यात टाकली. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं. वाइसाकेची मुलगी तिथेच होती, तिनं तुम्हाला मैदानावर पाहिलं. इथे येऊन तिनं सहज सांगितलं, यांच्या समोरच."

आपिसाईनं सालांवरून नजर उचलली. "दादा काय म्हणाला?"

तिनं दुसरी अळकुडी हातात घेतली, तिच्यावरची माती अंगठ्यानं पुसली.

"म्हणाले, तिला विचार, कोण जिंकलं."

मग लोसालिनीनं पुढचं सांगितलं, रागावून नव्हे, एखाद्या परक्या माणसाच्या आजाराचं सांगावं तसं. मायकेलीची मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्तातली घाण अंगात राहायची आणि सगळ्या अंगाला खाज सुटायची. दाराच्या चौकटीला पाठ घाशीत उभा राहायचा. सगळ्यात वाईट तोंडाची, कारण दाढी वाढली की तिथे तेलही नीट पोचायचं नाही. तिनं दोनदा त्याची दाढी केली, दोन्ही वेळा कापलं, आणि कापलेलं भरून यायला पंधरा पंधरा दिवस लागले. तेव्हा तो म्हणाला, राहू दे, आपिसाई आला की करील.

"पुढच्या वेळी येईल, असं म्हणत होते. शेवटपर्यंत म्हणत होते असं नाही. ऑक्टोबरपर्यंत म्हणाले. तसंच पुरलं त्यांना, दाढीसकट." तिनं सुरी खाली ठेवली. "तुम्ही आता खाजवून खाजवून मेलात तरी त्यांची तेव्हाची खाज कमी व्हायची नाही, भाऊजी. तेल लावा. माझ्या घरात आणखी एका माणसाचं खाजवणं मला ऐकवत नाही."

त्या दिवशी त्यानं बाटलीचं बूच काढलं.

सुईचं काम वाइसाकेनं पत्करलं. रोज दुपारी फणसाच्या झाडाखाली आपिसाईला बसवायचं, गरम फडकं गालावर दाबून धरायचं आणि मग डोळ्यांना चष्मा लावून एकेक केस वर काढायचा. तोंडाचा पट्टा चालूच. "हा बघ, हा केस तुझ्यासारखाच. घरचा रस्ता धरायचा सोडून आतच वळलाय." असं बोलून गेल्यावर वाइसाकेला स्वतःलाच वाईट वाटलं असावं. त्यानं फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवलं. रीतीप्रमाणे आपिसाईनं राग धरला नाही. धरण्यासारखं त्यात खोटं काही नव्हतंच.

गळू बसलं. पन्नास दिवस उलटले तशी दाढी लांब झाली, केस मऊ पडले, आत घुसायचे थांबले. तो तेल मुळापर्यंत चोळी, बोटांनी विंचरी, भट्टीवरून आला की आधी तोंड धुई. साठाव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण एकदाही खाजवलेलं नाही. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण खाज होती तोवर मन तिच्यामागे धावत होतं. ती गेली आणि भट्टीपुढे बसलं की नुसता भाऊच दिसू लागला, चौकटीला पाठ लावून उभा असलेला. त्या दिसण्यावर तेल चालत नव्हतं आणि सुईही चालत नव्हती.

शंभरावी रात्र उलटली. दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे मायकेलीच्या आजोळची माणसं चटया घेऊन आली, खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर डुक्कर भाजलं गेलं, मुलाच्या हातात पुन्हा यंगोनाचा प्याला दिला गेला. आपिसाईची दाढी वाइसाकेनं उतरवली. मधेच थांबून एक गाल तसाच ठेवायची धमकी दिली, सगळे हसले. खालून निघालेला अर्धा चेहरा कपाळापेक्षा कितीतरी फिकट होता, एखाद्या दुसऱ्या माणसाचा लावल्यासारखा.

दोन दिवसांनी त्यानं लोसालिनीपाशी विषय काढला. हॉटेल सोडतो, इथेच राहतो, भट्टी बघतो, तुम्हाला आणि मुलाला हातभार होईल.

तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. "भट्टी मुलगा बघेल," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी राहणार नाही. मी कधीतरी म्हणावं, झालं ते झालं, म्हणून राहणार. ते मला म्हणता यायचं नाही, भाऊजी. आज नाही येत, पुढे येईल की नाही ठाऊक नाही. तुम्ही जा."

तो पिशवी आवरायला वळला.

"पण येत जा," ती म्हणाली. "बोलावणं आलं नाही तरी. आता बोलावणारं कुणी राहिलेलं नाही."

वाइसाकेनं त्याला धक्क्यावर सोडलं. जाताना टिंगल न करता पिशवी उचलून बोटीत ठेवली. हॉटेलात त्याला परत घेतलं. पहिले पंधरा दिवस पाहुणे त्याच्या दोन रंगांच्या तोंडाकडे बघायचे. एका म्हाताऱ्या बाईनं काय झालं म्हणून विचारलंही. भाऊ वारला, असं त्यानं सांगितलं. जवळ होतात का, असं तिनं मायेनं विचारलं. नव्हतो, असं म्हणून त्यानं तिच्यासाठी दार उघडलं.

आता वर्षातून दोनदा तो गावी जातो. लोसालिनी चटई टाकते, चहा देते, मुलाच्या भट्टीचं सांगते. तो ऐकतो. एकदा बोलण्याच्या ओघात ती थांबली आणि त्याच्याकडे पाहत राहिली, तेव्हा आता ती म्हणेल, झालं ते झालं, असं त्याला वाटलं. तिनं विचारलं, चहात अजून साखर हवी का.