टालोसाला चौदावा नंबर

आमच्या टालोसा गावात ऑगस्टचा पहिला रविवार म्हणजे एमेट प्रूइटच्या यादीचा दिवस. हातात चेंडू घेऊन खेळायच्या आमच्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायला तीनचार आठवडे असायचे, आणि येत्या हंगामात देशातले पंचवीस बलाढ्य संघ कोणते ठरणार, ते एमेट आमच्या पेपरात छापायचा. ज्या साठेक पत्रकारांच्या मतांवरून हंगामाआधीची क्रमवारी ठरायची, त्यांच्यात अलाबामातल्या आमच्या एवढ्याशा गावाचा हा एक माणूस होता. गावाला त्याचा कोण अभिमान! चर्चमध्ये प्रवचन लांबलं की मागच्या बाकांवर यादी फिरायला लागायची.

मी त्या पेपरात सव्वीस वर्षं पानं लावली, मथळे दिले. एमेटचं टेबल माझ्या शेजारी, मध्ये कमरेएवढी लाकडी आडभिंत. बासष्ट वर्षांचा, विधुर, गिड्डा, पँट नेहमी पोटाच्या खाली घसरलेली. पण अंदाज तो हवेत बांधायचा नाही. फेब्रुवारीपासून त्याच्या वह्या भरायला लागायच्या. कुठल्या संघातली पोरं शिकून बाहेर पडली, कुणाचा गुडघा अजून दुखतोय, कुठला कोच जास्त पगारावर कुठे पळाला, सगळं त्याच्याकडे टिपलेलं असायचं.

त्या वर्षी गाव वेडं झालं होतं. आदल्या हंगामात गावच्या टालोसा स्टेट कॉलेजने बारापैकी अकरा सामने मारले होते, आणि जिंकून देणारा पोरगा गावातलाच होता. क्विन्सी मेबरी. तो क्वार्टरबॅक होता, म्हणजे संघाचा हात आणि डोकं दोन्ही तोच. प्रत्येक चेंडू आधी त्याच्या हातात यायचा, आणि तिथून तो कुठे जाणार ते तो ठरवायचा. येत्या हंगामात आपण पहिल्या पाचांत, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

जुलैतल्या एका दुपारी क्विन्सीची आई ऑफिसात आली. ओडेसा मेबरी प्राथमिक शाळेच्या जेवणघरात स्वयंपाक करायची. एमेटची बायको मॅक्सीन त्याच शाळेत शिकवायची. क्विन्सीला अक्षरओळख तिनेच करून दिली होती. मॅक्सीन आजारात झिजत गेली तेव्हा ओडेसा शाळा सुटली की रोज तिच्यासाठी सूप घेऊन जायची. त्या घरोब्यावर ती आली होती.

"मिस्टर प्रूइट, हे छापायचं नाही," बसायच्या आधीच ती म्हणाली.

"नाही छापत. बस तरी."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"ओपल? ती दगड आहे, तिच्याकडून काही बाहेर जात नाही," एमेट म्हणाला. "बोल तू."

"एप्रिलच्या सरावात क्विन्सीच्या मानेला मार बसला. तेव्हापासून उजव्या हाताला मुंग्या येतात. रविवारी जेवताना काटा हातातून पडला, मिस्टर प्रूइट. दोनदा. दुसऱ्यांदा पडला तेव्हा हसला माझ्याकडे बघून, आणि डाव्या हाताने खायला लागला."

"संघाचा डॉक्टर काय म्हणतो?"

"शीर आखडलीय म्हणतो. बर्फ लावा म्हणतो. कोच म्हणतो, तुमचा पोरगा वाघ आहे. मला वाघ नकोय हो, मला पोरगा हवाय."

"दुसऱ्या डॉक्टरकडे ने ना."

"येत नाही तो. बाहेर कळलं तर माझी जागा जाईल म्हणतो. एकवीस वर्षांचा घोडा, कानाला धरून नेऊ का? तुमची कॉलेजातल्या बड्या लोकांत ऊठबस आहे. एकदा सांगा त्यांना, त्याच्या मानेचा नीट एमआरआय करा म्हणावं. माझं कोण ऐकतं? तुमचं ऐकतील."

"बघतो," एमेट म्हणाला. "करतो काहीतरी."

ती गेल्यावर त्याने कोच ग्रेडीला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "क्विन्सीची तब्येत कशी काय, कोच?... नाही, सहज... नाही नाही, कुणी काही बोललं नाही... छे, तसं कशाला वाटेल मला... हो, हो. देव भलं करो." दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. ग्रेडीची मर्जी फिरली की पत्रकाराला सरावाच्या मैदानावर पाऊल टाकता यायचं नाही, आणि मैदानावर जाता येत नाही असा एमेट म्हणजे कोण? कुणीच नाही. हे तो जाणून होता. मीही जाणून होते.

यादी त्याने माझ्या हातात दिली तेव्हा मी पहिल्या पाचांत टालोसा शोधला. मग पहिल्या दहांत. सापडला चौदावा.

"एमेट, गाव तुला फाडून खाईल."

"खाऊ दे. माझा अंदाज आहे तो."

यादीखाली एक वाक्य होतं: टालोसाच्या क्वार्टरबॅककडून गेल्या वर्षीच्या खेळाची आशा धरावी का, याबद्दल मला शंका आहे.

"एवढंच?" मी विचारलं.

"ज्याला समजायचं त्याला समजेल," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. त्याला वाटलं, शब्दही पाळला आणि कामही केलं. मी मथळा दिला, 'टालोसा फक्त चौदावा!' आणि खरं सांगते, मथळा फक्कड जमला म्हणून मी खूशही झाले.

ज्याला समजायला हवं होतं, त्याला काहीच समजलं नाही. सोमवारी एमेटच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी मेलेला कॅटफिश चिकटवून ठेवला. तो रोज न्याहारीला जायचा तिथल्या वाढपिणीने त्याला कॉफी कागदी पेल्यात आणून दिली. "बाहेर घेऊन जा, एमेट. आत बसलास तर दूध नासेल." मागून कुणीतरी ओरडलं, "चष्म्याचा नंबरही चौदाच झालाय का रे?" अख्खं हॉटेल हसलं. एमेटही हसला. या गोष्टीची त्याला सवय होती. दुसरं कुणीतरी डॉक्टरला, कोचला प्रश्न विचारेल, याची तो वाट बघत होता.

कोच ग्रेडीने काय केलं, तर ते पान मोठं करून खेळाडूंच्या खोलीत दारावर लावलं. आत शिरताना प्रत्येक पोराने त्यावर थाप मारून जायचं असा नियम केला.

बुधवारी क्विन्सी स्वतः आला. दारात वाकून आत शिरावं लागेल एवढा उंच. आधी मला "गुड आफ्टरनून, मॅडम" म्हणाला, मग एमेटसमोर उभा राहिला.

"मिस मॅक्सीन असत्या तर त्यांनी मला चौदावा नंबर दिला नसता."

"नंबर संघाला आहे, बाळा."

"खाली शंका माझ्यावर आहे."

एमेटने पेन बंद केलं. "क्विन्सी, तुझा हात कसा आहे?"

पोरगा एकदम ताठ झाला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

एमेटने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कागदांकडे पाहिलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "सहज विचारलं."

"हात झकास आहे. सप्टेंबरमध्ये बघा." निघताना त्याने हस्तांदोलनासाठी डावा हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ओडेसा आली. या वेळी बसली नाही.

"मी तुमच्याकडे मदत मागितली. तुम्ही नंबर दिलात."

"छापणार नाही असा शब्द दिला होता तुला, ओडेसा."

"मग मोडायचा होता! मी शिव्या घातल्या असत्या, त्याने घातल्या असत्या. जन्मभर तोंड बघितलं नसतं तुमचं. पण पोरगा धड राहिला असता. आता पहाटे पाचला उठून चेंडू फेकतोय. त्या म्हाताऱ्याला दाखवतो म्हणतो. तो म्हातारा म्हणजे तुम्ही."

ती गेली तसा एमेट टाइप करायला बसला. मानेची दुखापत, मुंग्या, पडलेला काटा, नावागावासकट सगळं लिहिलं, आणि कागद घेऊन संपादक बर्ल स्टॅन्सिलच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं.

"डॉक्टरचा कागद आहे?" बर्लने विचारलं.

"नाही."

"नाव द्यायला आई तयार आहे?"

"विचारलं नाही. तयार नसली तरी छापायला हवं."

बर्ल खुर्चीत मागे रेलला. "एमेट, तू आधी त्यांना चौदावा नंबर दिलास. आता तो खरा करायला निघालास? लोक म्हणतील, स्वतःचा अंदाज जिंकावा म्हणून गावच्या पोराला बाकावर बसवतोय. आणि चूक म्हणतील का? मलाच तसं वाटतंय."

एमेट कागद घेऊन परत आला. पुन्हा गेला नाही. मीही म्हटलं नाही, की बर्ल, तिचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलंय. पान संध्याकाळी सहाला छपाईला द्यायचं होतं, आणि मला वाटलं, उद्या बोलू.

पहिले दोन सामने टालोसाने आरामात मारले. हॉटेलातली मंडळी एमेटकडे बघून बोटांनी एक आणि चार करून दाखवायची. तिसरा सामना भर उन्हात, दुपारी दोनचा. मी वरच्या रांगेत होते, ओडेसा माझ्या खाली आठदहा रांगांवर. क्विन्सीने फेकायला हात मागे नेला, आणि डाव्या बाजूने आलेल्या धिप्पाड गड्याने त्याला मानेखाली गाठलं. धडक काही विशेष नव्हती. तशा धडका दर सामन्यात वीस बसतात. चेंडू त्याच्या हातातून नुसता खाली पडला. मग तो पडला. उठायचा प्रयत्न केला, डाव्या हाताने. उजवा हात गवतावर तसाच राहिला.

चाळीस हजार माणसं उभी राहिली. ओडेसा पायऱ्या उतरत होती. धावत नव्हती. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती, आणि लोक वाट देत होते.

बर्मिंगहॅमला दोन ऑपरेशनं झाली. तो चालतो, फिरतो. उजवा हात कोपरापासून खाली मेला तो मेला. टालोसाने उरलेल्या नऊपैकी सात सामने गमावले. डिसेंबरात ग्रेडीला टेक्सासच्या मोठ्या कॉलेजाने दुप्पट पगारावर नेलं. निरोपाच्या भाषणात क्विन्सीचं नाव घेताना त्याने रुमाल काढला.

एमेट दर रविवारी चर्चनंतर मेबरींच्या घरी जायचा. ओडेसा जाळीच्या दाराआडून म्हणायची, "झोपलाय." आतून टीव्हीवर सामना चालू असल्याचा आवाज यायचा. ख्रिसमसनंतर तो जायचा थांबला.

जानेवारीत पत्र आलं. हंगामाआधी मत देणाऱ्या सगळ्या पत्रकारांत एमेट प्रूइटचा अंदाज सर्वांत अचूक ठरला होता. बाकीच्या सगळ्यांनी टालोसाला पहिल्या पाचांत घातलं होतं, तिथेच ते मागे पडले. पत्रासोबत लाकडावर बसवलेली पितळी पाटी होती. बर्लला पहिल्या पानावर फोटो हवा होता. एमेट नको म्हणाला. पण दोनदाच म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने टाय नीट केला आणि पाटी छातीशी धरून उभा राहिला. ते पानही मीच लावलं.

कागदी पेल्यात कॉफी देणारी वाढपीण आता त्याला फुकट ॲपल पाय वाढायला लागली. "काय नजर आहे बाबा तुझी!" माणसं त्याच्या पाठीवर थापा मारायची. त्याने पुढच्या ऑगस्टचीही यादी केली, त्याच्या पुढच्याचीही. टालोसा कुठल्याच यादीत नव्हता, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्यात आडभिंतीवरून बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. तो निवृत्त होऊन बहिणीकडे मोबीलला गेला तेव्हा वह्या कचऱ्याच्या डब्यात टाकून गेला.

क्विन्सी आता काउंटीच्या कचेरीत गाड्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर असतो. गेल्या महिन्यात मी तिथे रांगेत होते. माझ्या पुढे एक टोपीवाला माणूस होता, कॉलेजची जुनी टोपी, क्विन्सीची पाठ थोपटायला खिडकीतून हात आत घालायचाच बाकी होता.

"तू होतास तेव्हा काय दिवस होते, क्विन्सी! एमेटला मात्र मानलं बुवा. तुझं काहीतरी होणार, हे त्याला आधीच दिसलं होतं. कसं दिसलं असेल रे?"

"माझ्या आईने सांगितलं होतं त्यांना," क्विन्सी म्हणाला, आणि डाव्या हाताने शिक्का मारला.

माणूस खो खो हसला. चांगला विनोद झाला असं त्याला वाटलं. हसतच तो बाहेर पडला.

मी खिडकीशी आले आणि कागद पुढे केले. क्विन्सीने मान वर केली.

"गुड मॉर्निंग, मॅडम," तो म्हणाला. "मागच्या वर्षीची पावती आणली आहे का?"