पेपरात न आलेला शूटआउट

मी चौलच्या मोरू मांडववाल्याचा माइक बोलतोय. साखरपुडे, वाढदिवस, सत्कार यांतच माझं आयुष्य चाललं होतं. हॉकी कशाशी खातात, हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

मुलींच्या जिल्हा हॉकीची सेमीफायनल होती, चौल विरुद्ध पाली. मला आणलं होतं ते प्रमुख पाहुण्यांच्या भाषणासाठी. एकच वार्ताहर आले. त्यांनी पाहुण्यांच्या गळ्यात हार पडतानाचा फोटो काढला आणि "निकाल व्हॉट्सॲपवर टाका" म्हणून निघालेसुद्धा. मला नवल वाटलं. खेळ तर अजून सुरूच व्हायचा होता!

प्राप्ती ही चौलची गोलकीपर. तिची आई केसर मांडवा जेट्टीवर चहाची टपरी चालवते, तिला येता आलं नव्हतं. सामना बरोबरीत सुटून शूटआउटची वेळ आली, तेव्हा प्राप्ती प्रशिक्षक जयमाला मॅडमना म्हणाली, "मॅडम, आईला कळायला हवं."

मॅडमनी केसरला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि गोलामागच्या कर्ण्याजवळ धरला. निवेदनाला बसवलेले धर्माजी गुरुजी तोवर माझ्यावरून पाहुण्यांची नावंच वाचत होते. आता ते मला घेऊन थेट गोलापाशी गेले.

"एकटी मुलगी चेंडू घेऊन येतेय, समोर एकटी प्राप्ती..."

गुरुजींच्या तळव्याचा घाम मला लागत होता. चौल एका गोलने पुढे, पालीचा शेवटचा प्रयत्न. हा अडवला की फायनल! मुलगी धावत आली, गर्रकन वळली आणि गुरुजींची वाचाच बसली.

"अवो गुरुजी, बोला की!" फोनमधून केसर ओरडली. "हितं बोटीची मानसं पन थांबलीत!"

धप्प! चेंडू प्राप्तीच्या पॅडवर आदळला. तो आवाज मीच मांडव्याला पोचवला. "अडवला!" हा गुरुजींचा शब्द मागाहून फुटला. फोनमधून आलेला कल्ला मी कुठल्या लग्नातही ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोरूने पेपर उघडला. पाहुणे होते, हार होता. खाली निकालाची एक ओळ, तीत प्राप्तीचं नावच नाही.

"एवढं सगळं झालं, आन एवढंच?" मोरू पेपर उलटा करून बघत राहिला.

आज अलिबागला फायनल आहे. मी मात्र रेवदंड्याच्या एका हळदीत आहे. गाणं थांबलं की मी कान टवकारतो, पण इथे त्याबद्दल कुणी अक्षर काढत नाही. तुमच्यातलं कुणी मैदानावरून आलं, तर सरळ स्टेजवर या. मी चालूच आहे.