पाठमोरा प्रश्न

आधी कुत्रा.

कुत्रा सोफ्याएवढा. टेबलावर चढवायला दोन माणसं लागली आणि चढल्यावर टेबलच कण्हलं. मालकीणबाई म्हणाल्या, "काही म्हणजे काही खात नाही हो. नुसता हवेवर वाढतो."

डॉक्टरबाईंनी पाठ फिरवली. बेसिनपाशी गेल्या, नळ सोडला, कोपरापर्यंत साबण चोळत विचारलं, "काय काय खात नाही?"

"बिस्किटं... म्हणजे सकाळचीच. ह्यांच्या ताटातलं थोडं. रात्री आइस्क्रीम, पण वाटीभरच."

ही बाईंची रीत. तोंडावर माणूस बेधडक खोटं बोलतो, समोर नुसती पाठ असली की त्याचा धीर सुटतो. हात स्वच्छ असले तरी बाई नळ सोडायच्या.

हे सगळं कोपऱ्यात भिंतीला टेकून एक मुलगी पाहत होती. नुसतं पाहायला आलेली, म्हणून दवाखान्यात तिला 'पाहुणी' म्हणत. नाव ठेवलं भाच्याने. भाचा म्हणजे बाईंचा सख्खा भाचा, दवाखान्यातला दुसरा डॉक्टर. पाहुणीला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. त्या कॉलेजात शिरायचं तर आधी महिनाभर कुणा डॉक्टरमागे हिंडायचं आणि शेवटी त्यांची शिफारस आणायची. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं, "तू इथे फक्त डोळे आहेस. हात आमचे. कुणाला औषध सुचवलंस तर त्याच दिवशी घरी."

महिना सरत आला. जनावरांविषयी तिला जेमतेम कळलं होतं. माणसांना तुच्छ लेखण्यात मात्र ती बाईंच्या तोडीची झाली होती.

मध्येच एक पोपट, त्याची गोष्टही अर्धीच.

"घरात कुणी सिगारेट ओढतं का?" भाच्याने विचारलं.

"छे! आमच्यात कुणी शिवतसुद्धा नाही," मालक म्हणाला.

पिंजऱ्यातला पोपट खोकला. पोपटासारखा नव्हे, सकाळी उठल्या उठल्या काडी पेटवणाऱ्या माणसासारखा. घसा खाकरून, शेवटी 'हां' करून.

पाहुणी इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. पोपटाचं पुढे काय झालं ते तिने विचारलंही नाही. घरी जेवताना मालकाची नक्कल मात्र करून दाखवली. "यांना जनावर कशाला हवं, बाबा? यांना एक खेळणं द्यावं, किल्लीचं."

बाबा कौतुकाने ऐकत होते. त्यांच्या पायाशी बोका होता.

आता बोका.

त्याच रात्री त्याने कपाटावरून उडी मारली आणि मागचा पाय उचलून चालू लागला. बाबांचा जीव खालीवर. "नेऊ या का गं तुझ्या बाईंकडे?"

"एवढ्याशासाठी? तुम्हीपण त्यातलेच! अशांना आम्ही मागे किती हसतो माहितीये?"

तिने पाय दाबून पाहिला, अगदी बाईंसारख्या भुवया जवळ आणून. स्वयंपाकघराच्या खणातून तापाची गोळी काढली, अर्धी केली, लोण्यात घोळून बोक्याच्या घशात उतरवली. बाईंना एका कुत्र्याला अशीच कसलीशी गोळी देताना तिने पाहिलं होतं. लोणी तिने नीट पाहिलं होतं. गोळी नाही.

"घरात डॉक्टर असली की कसं बरं असतं," बाबा म्हणाले आणि निश्चिंत झोपले.

सकाळी ती दवाखान्यात पोचून तासही झाला नसेल, तोच बाबा कपड्यांची टोपली पोटाशी धरून धापा टाकत आत शिरले. टोपलीत बोका. तोंड सुजून दुप्पट झालेलं, श्वास पोटातून ओढलेला. भाच्याने ओठ वर केला. हिरड्या गुलाबी नव्हत्या, चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी होत्या.

"काही खाल्लं? औषधबिषध दिलंत?"

बाबांनी पाहुणीकडे पाहिलं. दोन दिवसांनी तिला शिफारस मिळायची होती आणि हे त्यांना तिच्याइतकंच ठाऊक होतं.

"काही नाही. कुणी काही दिलं नाही. शपथ."

"उंदराचं औषध असेल," भाचा म्हणाला. "मावशी, त्याचंच सुरू करू?"

बाई बेसिनकडे वळल्या. नळ सुटला. "घरातल्या गोळ्या कुठे ठेवता?"

"मी सांगतोय ना, काही नाही दिलं!" बाबा त्या पाठीलाही खोटं बोलले. महिन्याभरात हे कुणाला जमलं नव्हतं.

पाहुणी कोपऱ्यात भिंतीला टेकून स्वतःला समजावत होती. भाच्याला कळेलच. अर्धीच तर गोळी. कदाचित खरंच उंदीर असेल. ही सगळी वाक्यं तिने याच खोलीत ऐकली होती, आणि याच कोपऱ्यातून त्यांना नाक मुरडलं होतं. बोक्याने मान टाकली.

"तापाची गोळी," ती म्हणाली. "अर्धी. काल रात्री, जेवणानंतर. मी दिली."

नळ बंद झाला.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सोफ्याएवढ्या कुत्र्याच्या मालकिणीकडे पाहिलं होतं तसंच. "मांजराला ती विष असते. वजन किती याचं?"

"साडेचार किलो."

"वजन ठाऊक आहे! बाकी अक्कल घरी ठेवून येतेस." मग भाच्याला, "उतारा काढ, शीर शोध. उंदीर राहू दे तुझा."

बाबा पाहुणीच्या कानाशी फिसकारले, "गप्प बसता येत नव्हतं? मी निभावत होतो ना!"

"तुम्ही निभावलं असतं आणि तो मेला असता. बाहेर बसा, बाबा."

सुई गेली. प्राणवायूची नळी बोक्याच्या नाकाशी धरायला कुणीतरी हवं होतं. बाईंनी ती तिच्या मुठीत कोंबली. बऱ्याच वेळाने श्वास जरासा खालच्या पट्टीत आला. जगेल असं कुणी म्हणालं नाही.

"शिफारस विसर," बाई म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नकोस."

"हो."

भाचा चहाला गेला. बाई पुढचा रोगी तपासायला दुसऱ्या टेबलाकडे गेल्या, परतल्या, तर ती तिथेच, कोपर अवघडलेलं.

"अजून इथे?"

"नळी सोडली तर घसरते."

"भाचा येईपर्यंत धर," बाई म्हणाल्या. भाचा दारातच उभा होता, हातात रिकामा कप. बाईंनी त्याला पुढच्या कुत्र्याची नखं कापायला पाठवलं.