तेजू ते अगत्ती

भिंगाच्या कडेला कणकेचा वाळलेला ठिपका होता. तो नखाने खरवडताना मोबाइलवरचे आकडे धूसर झाले आणि उत्तमरावांनी भिंग जरा वर उचललं. तेजू ते अगत्ती – हवाई अंतर सुमारे तीन हजार एकशे किलोमीटर, वेळ सव्वाचार तास. तेजूला, अरुणाचलच्या डोंगरांत, लेक गौतमी शाळेत शिकवते. अगत्तीला, समुद्रातल्या बेटावर, मुलगा प्रबुद्ध हवामान खात्यात आहे... दोन ठिपक्यांना जोडणारी निळी रेघ. त्या रेघेवर त्यांचं जयपूर कुठंच येत नव्हतं.

सव्वाचार तास म्हणजे काय – इथून दिल्लीला गाडीने जाऊन पोचावं, इतकेच. मग सख्ख्या बहीणभावांत दोन वर्षं साधा फोन का नसावा...? का, ते त्यांना ठाऊक होतं. रमा गेली त्या सकाळी प्रबुद्ध फोनवर म्हणाला होता, ‘बाबा, थांबा. उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो, तोवर आईला नेऊ नका.’ मे महिना, दुर्गापुऱ्यातल्या या दोन खोल्या, दारात ताटकळलेले शेजारी – आणि जन्मभर रेल्वेच्या कंट्रोलमध्ये बसून कुठली गाडी किती उशिरा येणार ते सांगणाऱ्या उत्तमरावांनी ठरवून टाकलं, हा पोचत नाही. दुपारीच नेलं. ‘दादासाठी थांबायचं नाही?’ रजा काढून आईजवळ राहिलेल्या गौतमीने विचारलं. ‘तोच म्हणाला, थांबू नका.’ किती सहज आलं ते तोंडातून...

दुसऱ्या दिवशी चारलाच प्रबुद्ध दारात उभा राहिला. गौतमी पाठ फिरवून आत गेली. घाई तिनेच केली, असं त्याला वाटलं. आणि आपण त्याचा गैरसमज न खोडता चहा टाकायला उठलो.

फोन वाजला. शाळेच्या मधल्या सुट्टीत गौतमी रोज करायची.

“बाबा, जेवलात?”

“पोळ्या करतोय. तुझ्याकडून अगत्ती सव्वाचार तासांवर आहे, माहितीय?”

“असं विमान कुठंय बाबा? आधी गुवाहाटी, मग कुठून कुठून कोची, मग ते छोटं विमान. दोन दिवस जातात. आणि मी कशाला जाऊ तिकडे?”

“गौतमी, तो थांबा म्हणाला होता.”

“कोण?”

“दादा. आईच्या वेळी. मीच थांबलो नाही. तुला खोटं सांगितलं.”

पलीकडे मुलांचा गलका, कुणीतरी बाक ओढल्याचा आवाज. तिने फोन ठेवला नाही. उत्तमराव ऐकत राहिले... मुलं रागावलीत एकमेकांवर, आपण बिचारे मधे एकटे पडलो – ही समजूत किती उबेची होती, ते त्यांना आत्ता कळत होतं. ती आता उरली नव्हती. छाती हलकी होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिने विचारलं, तर पुढचंही – दादाचा तिच्याबद्दलचा गैरसमज आपण तसाच राहू दिला, ते – सांगता येईल, एवढंच त्यांना वाटलं.